मखरातली म्हातारी

आमच्या अमरावतीच्या घरातून एक नवरा-बायको नाहीसे झाले आणि ते नाहीसे झाल्याचं आम्हाला बऱ्याच उशिरा कळलं. दोघंही वयस्कर, दोघंही वीतभर उंच, दोघांचाही मुक्काम वरच्या खोलीतल्या पत्र्याच्या पेटीत. म्हातारी नऊवारीत, म्हातारा धोतर-बंडीत. पुतणीनं पेटी उघडली तर आत मांजर होतं, बकरी होती, सायकलीसकट दूधवाला होता, सुटी डोकी ठेवलेला मिठाईचा डबा होता. ज्या दोघांनी बक्षीस मिळवून दिलं तेवढेच नव्हते.

पुतणी पेटीसमोर फतकल मारून बसली. "काका," ती म्हणाली, "आता माह्यावर कोनी विश्वास ठेवणार नाई."

ही माझ्या मोठ्या भावाची एकुलती एक मुलगी. घर अकोल्याला. भाऊ नोकरीनिमित्त बाहेरगावी असतो, म्हणून अकोल्याचं घर वहिनींच्या ताब्यात. आणि वहिनींच्या ताब्यातल्या घरात कोणाला खोली बंद करून बसता येत नाही. ही शिकून आली आणि म्हणाली, मला बाहुल्यांचा चित्रपट करायचा आहे, एक बंद खोली पाहिजे. माझी वरची खोली रिकामी होती. मी लगेच दिली. पुढे दोन उन्हाळे त्या खोलीत काय चाललं होतं हे साऱ्या गल्लीनं आपापल्या परीनं ठरवून टाकलं.

गल्लीचाही दोष नव्हता. वऱ्हाडातल्या वैशाखात पंखा बंद करून, खिडक्यांना काळा कागद चिकटवून आत बसणारा माणूस एक तर जोगी असतो नाही तर चोर. त्यात ही न्हाव्याकडून केस मागून आणायची, लोखंडाच्या दुकानातून बारीक तार, शेतातून काळी माती, बाभळीचा डिंक, सरकी काढलेला कापूस. एकदा कामवाल्या बाईंनी दार लोटलं, तर टेबलावर छोटी छोटी डोकी ओळीनं वाळत घातलेली. त्या बाई पायऱ्या कशा उतरल्या ते त्यांनाच माहीत. दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "दादा, पोरगी करनी-बिरनी तं नाई करून राहिली ना कोनावर?"

मी त्याला समजावून सांगितलं. बाहुली असते. आतून तारेचा सांगाडा, त्यावर कापूस, वरून दोरा गुंडाळायचा. डोकं आणि हात मातीचे. काळी माती नुसती वाळवली तर आमच्या शेतांसारखी भेगाळते, म्हणून तिच्यात कापूस आणि डिंक कालवायचा. मग बाहुलीचा हात केसभर हलवायचा आणि फोटो काढायचा. पुन्हा केसभर, पुन्हा फोटो. म्हातारीनं चहाचा एक घोट घेतला की आमचा एक दिवस संपला. राग आला की हसरं डोकं काढून रागाचं बसवायचं. पंखा लावला तर पदर हलतो, आणि पदर हलला की सकाळपासूनची मेहनत पाण्यात.

दूधवाल्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे करनीच."

चित्रपट आठ-नऊ मिनिटांचा झाला. एका म्हातारीच्या घरी रोज दूध कमी भरतं. ती दूधवाल्यावर संशय घेते, मांजरावर घेते, शेजारणीवर घेते, खाटेवर घोरणाऱ्या नवऱ्यावर तर सर्वांत जास्त. साऱ्या जगावर पाळत ठेवते. शेवटी कळतं की पातेल्यालाच बारीक भोक आहे. मग ती ज्यानं पातेलं विकलं त्याच्यावर पाळत ठेवायला निघते. बोलणं एकही नाही. दूध म्हणजे पिंजलेला कापूस, आकाश म्हणजे जुनं धोतर, घरं ज्वारीच्या धांड्यांची, म्हणजे वाळलेल्या ताटांची. म्हातारीचं कुंथणं, हुंकारणं आणि 'हंऽ' म्हणणं माझ्या आवाजात आहे. श्रेयनामावलीत माझं नाव आहे, पण ते फार लवकर जातं.

त्या चित्रपटाला दक्षिणेतल्या एका महोत्सवात हस्तनिर्मित अॅनिमेशनचं बक्षीस मिळालं. गणपतीत आमच्या मंडळानं मांडवात पांढरा पडदा बांधला, पुतणीला शाल-श्रीफळ दिलं आणि चित्रपट दाखवला. अकोल्याहून वहिनी आल्या. त्या पहिल्या रांगेत बसल्या. मी त्यांच्या पुढे, जमिनीवर. म्हातारी पडद्यावर आली, पदर खोचला, दुधाच्या पातेल्यात डोकावली आणि तिरप्या नजरेनं मांजराकडे पाहिलं, तेव्हाच मी ओळखलं. मागे वळून वहिनींकडे पाहिलं. पुन्हा पडद्याकडे पाहिलं. पुन्हा वहिनींकडे. माझ्या वहिनी म्हणजे संशयाचं माहेर. भाजीवाल्याचा तराजू त्या स्वतः उचलून बघतात. दवाखान्यात डॉक्टरांनाच विचारतात, तुमाले स्वतःले कोणतं औषध लागू पडते ते सांगा. पुतणीनं आईचाच पुतळा केला होता, यात मला तिळमात्र शंका नव्हती. मी सारखा वळून पाहत होतो, माझं पाहून शेजारचे पाहू लागले. वहिनी पडद्याकडे पाहत राहिल्या. रात्री अर्ध्या जेवणावरून उठल्या. सकाळच्या बसनं अकोल्याला गेल्या.

आणि मग पत्र आलं.

महोत्सवाच्या लोकांनी फार सभ्य भाषेत लिहिलं होतं. त्यांच्याकडे एक निनावी तक्रार आली होती. तक्रार अशी की हे काम हाताचं नाही, कम्प्युटरचं आहे; हल्ली कम्प्युटरला नुसतं सांगितलं की तो मातीच्या बाहुल्या करून देतो. तेव्हा मुख्य दोन बाहुल्या व्हिडिओ कॉलवर आतून-बाहेरून दाखवाव्यात. दिवस आणि वेळ कळवली होती. दाखवता आल्या नाहीत तर बक्षीस परत घ्यावं लागेल आणि तसं जाहीर करावं लागेल.

बक्षीस गेलं असतं तर पुतणीनं सोसलं असतं. 'तसं जाहीर करावं लागेल' हे मात्र तिला पचत नव्हतं. दोन उन्हाळे ज्या पोरीनं पंखा लावला नाही तिला आता साऱ्या जगासमोर खोटारडी म्हणणार होते. आणि पेटीत म्हातारा-म्हातारी नव्हते.

मी कोणावरही उगीच संशय घेत नाही. आधी निरीक्षण करतो, मग संशय घेतो. हौशी नाटकांत मी बऱ्याचदा फौजदार झालेलो आहे. खाकी कपडे भाड्याचे असतात, नजर स्वतःची. मी खोलीची पाहणी केली. कुलूप शाबूत. खिडकी बंद. म्हणजे चोर घरात मोकळेपणानं येणारा. निनावी तक्रार करणारा आणि बाहुल्या पळवणारा एकच असणार, हे कोणत्याही नाटकाच्या दुसऱ्या अंकात ठरलेलं असतं. आणि अशा माणसाचं घर आमच्या घराला लागूनच होतं. निवृत्त चित्रकला शिक्षक. मांडवात चित्रपट संपल्यावर सगळे टाळ्या वाजवत होते, तेव्हा हे गृहस्थ खुर्चीच्या दांडीवर बोट वाजवत होते.

मी वाटी घेऊन त्यांच्याकडे गेलो.

"सर, विरजणापुरतं दही मिळेल का?"

"विरजण तुमच्या घरून आमच्याकडे येते," सर म्हणाले. "हे उलटं कधीपासून सुरू झालं?"

मी तोवर दिवाणखान्यात पोचलो होतो. कोपऱ्यात चादर टाकून काहीतरी झाकलेलं.

"ते काय आहे?"

"शिलाई मशीन."

"जरा बघू?"

"काहून? फाटलं का काही?"

मी मूळ मुद्द्यावर आलो. पुतणीच्या चित्रपटाबद्दल आपलं प्रामाणिक मत काय, असं विचारलं. सरांनी चष्मा काढला. "आयुष्यभर पोट्ट्यांना माणसाचा हात काढायला शिकवला. हातच येत नाही कोणाला. आणि तुमची ती म्हातारी पातेलं उचलते तेव्हा करंगळी वेगळी वर करते. करंगळी. एवढीशी. हे माणसाच्या हातानं होते?"

"म्हणजे आपल्याला शंका आहे."

"आहे ना."

"आणि ती शंका आपण कोणाला लेखी कळवली?"

सरांनी चष्मा पुन्हा चढवला. "भाऊसाहेब, माझं अक्षर अर्धी अमरावती ओळखते. निनावी लिहून मी काय करू? तुमच्या मिसेसना बोलावू का? तुमचं काही बिनसलेलं दिसते."

दही मात्र त्यांनी दिलं. मी ते हुंगून पाहिलं आणि मोरीत ओतलं. तक्रार त्यांनीच केली की नाही याचा छडा आजतागायत लागलेला नाही, आणि माझा संशय आजतागायत गेलेला नाही.

घरी आलो तर बायको तांदूळ निवडत होती, स्टीलच्या परातीत.

"अहो, माझी तांदळाची कापडी पिशवी सापडून नाही राहिली."

"इथे माणसं सापडत नाहीत, तुला पिशवीचं पडलंय."

"वहिनी गेल्या त्या दिवसापासून नाही."

"तांदळाचं नंतर बघू."

ती तांदूळ निवडत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "काल वहिनींचा फोन आला होता. भुलाबाई बसवली म्हणाल्या."

"दरवर्षीच बसवतात."

"दरवर्षी कुंभाराकडून आणतात. यंदा म्हणाल्या, मूर्ती घरचीच हाय."

पुतणी जिन्याच्या पायरीवर बसली होती. ती उठून उभी राहिली. मलाही त्याच क्षणी उलगडा झाला होता, पण उभं राहण्यात तिचा नंबर आधी लागला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं दुपारच्या बसनं अकोल्याला निघालो. सुट्या डोक्यांचा मिठाईचा डबा पुतणीच्या मांडीवर. मूर्तिजापूरला शेजारच्या सीटवरच्या आजोबांनी विचारलं, "पेढे का?" पुतणी म्हणाली, "नाई, मुंडकी." आजोबा पुढच्या सीटवर जाऊन बसले.

भुलाबाई ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे पोरीबाळी भुलाबाई आणि भुलोजी बसवतात. मातीची जोडी. वर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव. संध्याकाळी गल्लीतल्या मुली-बायका जमतात, टिपऱ्यांवर गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत. खिरापत काय आहे हे घरची बाई सांगत नाही. डबा झाकून आणते, हलवून दाखवते आणि बाकीच्यांनी ओळखायचं. अख्ख्या गल्लीत वहिनींची खिरापत आजवर कोणी ओळखलेली नाही. त्या डब्यात लाडूबरोबर मुद्दाम चार चिंचोके टाकतात, आवाज फसवा यावा म्हणून.

आम्ही पोचलो तेव्हा गाणी संपत आली होती. पुढच्या खोलीत पाटावर धांड्यांचा मांडव आणि त्यात आमची फरार मंडळी. म्हातारीच्या कपाळावर मोठं कुंकू, म्हाताऱ्याला गंध, दोघांच्या गळ्यात झेंडूच्या पाकळ्यांची माळ, पुढे निरांजन. म्हातारीची नजर नेहमीसारखी तिरपी, थेट दाराकडे. आत येणारी प्रत्येक बाई आधी दचकायची, मग पदर सावरून नमस्कार करायची.

वहिनींनी आम्हाला पाहिलं आणि त्यांना जराही आश्चर्य वाटलं नाही. डबा हलवून म्हणाल्या, "ओळखा भाऊजी, काय हाय?"

"चोरीचा माल," मी म्हणालो.

"नाई. करंज्या."

बायका गेल्यावर पुतणीनं आईला सगळं सांगितलं. पत्र, तक्रार, उद्या सकाळचा कॉल. बाहुल्या आतून दाखवायच्या म्हणजे डोकं काढून दाखवायचं, हेही सांगितलं.

वहिनी निरांजनात तेल घालत होत्या. "डोस्कं काढाचं? पुजलेल्या मूर्तीचं?"

"आई, ती मूर्ती नाही. माझी बाहुली आहे."

"होती. आता भुलाबाई हाय. रोज नैवेद्य दाखवतो मी तिले. गल्ली पाया पडून राहिली. कोजागिरीले बोळवण होईन, मंग ने."

"कोजागिरीला खूप वेळ आहे. कॉल उद्या आहे."

"मंग त्याहीले सांग, कोजागिरीनंतर फोन करा."

"ते नाही थांबणार. ते जाहीर करतील की मी फसवलं म्हणून. तुला चालेल?"

वहिनी निरांजनाची वात पुढे ओढत बसल्या. त्यांच्यासारख्या बाईला अचानक एवढी श्रद्धा कुठून यावी, हे मला पटेना. यांनी तर गुरुजींनाही दक्षिणा देण्याआधी मंत्र पुन्हा म्हणायला लावलेला आहे. आणि अमरावतीहून तांदळाच्या पिशवीत घालून, कोणाला न सांगता, दुसऱ्याची बाहुली आणायची आणि तिची देवी करायची, यात भक्ती कमी आणि बेत जास्त दिसत होता. देवी झाली की तिला कोणी हसणार नाही. देवी झाली की ती मांडवात, पडद्यावर, लोकांच्या हातात जाणार नाही.

"वहिनी," मी म्हणालो, "खरं सांगा. चेहऱ्यामुळे ना?"

त्यांनी मान वर केली. "चेहऱ्याचं मले काय सांगता? मांडवात सारे लोक मले पाहून राहिलते. आणि सर्वांत जास्त तुमी. मान मोडते का काय वाटलं मले. पडद्याकडे एकदा, माह्याकडे एकदा. पडद्याकडे एकदा, माह्याकडे एकदा. एवढी मी तिरपी पाहतो का? एवढी मी लोकांच्या मागं फिरतो?"

हा प्रश्न विचारताना त्या माझ्याकडे तिरप्या पाहत होत्या. पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

"पोरीनं आईचं माकड केलं," वहिनी म्हणाल्या आणि आवाज जरा खाली आला, "आणि लोकाहीनं टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, ठीक हाय. आता हिले देव्हाऱ्यात बसवतो. पाहू कोन हसते."

पुतणी आईकडे पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर मला वाटत होती तशी चोरी पकडली गेल्याची छटा नव्हती. तिला खरोखर काहीतरी नव्यानं कळत होतं.

"आई, ती तू नाहीस."

"मले शिकवू नको."

"तू कशी असशील? मी दोन वर्षं तुझ्याकडे होते का?" तिनं खिशातून फोन काढला. "मला म्हातारीची चाल पाहिजे होती, हात पाहिजे होते. समोर खरं माणूस असल्याशिवाय बाहुली हलवता येत नाही. म्हणून मी चोरून शूटिंग करत होते. जिन्यावरून."

"कोनाचं?"

पुतणीनं माझ्याकडे पाहिलं नाही. फोन आईच्या हातात दिला.

मी मागून डोकावलो. फोनवर आमचं अमरावतीचं स्वयंपाकघर. बनियन घातलेला एक ढेरपोट्या गृहस्थ पाठमोरा उभा. तो दुधाची पिशवी उजेडासमोर धरतो. डावीकडून बघतो, उजवीकडून बघतो. पातेल्यात ओततो. हुंगतो. मग पातेलं उचलून त्याच्या बुडाखाली डोकावतो. आणि मग ज्या दिशेला बायको उभी असावी तिकडे, मान न वळवता, नुसती बुबुळं फिरवून पाहतो. पातेलं धरलेल्या हाताची करंगळी डौलात वर.

वहिनींनी ते एकदा पाहिलं. पुन्हा पाहिलं. फोन घेऊन पाटाजवळ गेल्या आणि म्हातारीच्या चेहऱ्याशेजारी धरला.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "हे तर तुमी."

आयुष्यात पहिल्यांदा मुख्य भूमिका मिळाली आणि तीही नऊवारीत.

"आणि म्हातारा?" मी विचारलं. कोणाचं तरी वाटोळं आपल्याबरोबर व्हावं असं माणसाला वाटतंच.

"काकू," पुतणी म्हणाली. "म्हणून तो काही बोलत नाही."

वहिनींचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं रडतात. मग त्यांनी पदर तोंडात कोंबला आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. मग एकाएकी हसू थांबलं आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा चेहरा पार उतरलेला.

"म्हंजे इतके दिवस मी तुमच्या पाया पडून राहिली?"

दसऱ्याला सोनं देऊन मी वाकतो या बाईपुढे. लग्न होऊन आल्यापासून हा हिशेब सरळ होता.

"नैवेद्यसुद्धा दाखवला," मी आठवण करून दिली.

"चूप बसा तुमी."

सकाळी वहिनी न्हाऊन आल्या. पाटासमोर बसल्या. म्हातारा-म्हातारीवर अक्षता वाहिल्या, हात जोडले आणि उत्तरपूजेत करतात तसं दोन्ही मूर्ती जागच्या जरा हलवल्या. एकदा हलवलं की देव निघून जातो, उरते ती माती. कोजागिरीच्या आधी हे करताना त्यांना बरं वाटत नव्हतं, ते ओठांवरून दिसत होतं. "माय, रागावू नको," त्या पुटपुटल्या. "तू तुह्या घरी जा. हा मानूस इथीसा राहू दे."

कॉल लागला. परीक्षकांपैकी एक बाई होत्या, पांढऱ्या केसांच्या, हिंदीत बोलणाऱ्या. त्यांनी नमस्कार करून सुरुवात करायच्या आधीच वहिनी कॅमेऱ्यासमोर आल्या.

"पहले आप बताओ, आप कौन?"

बाईंनी सांगितलं.

"वो तो आप बोल रहे. कायपरून मानना?"

बाईंनी आपलं ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरलं. वहिनींनी ते वाचलं, फोटो आणि चेहरा ताडून पाहिला आणि बाजूला झाल्या. पुतणीनं डोळे मिटून घेतले होते.

मग तिनं म्हातारी उचलली. पुढून, मागून, तळवे, नऊवारीची शिवण. बाईंनी कपाळावरचं लाल काय आहे ते विचारलं. चित्रपटात ते नव्हतं. पुतणीनं सांगितलं. बाईंनी ते लक्ष देऊन ऐकलं, पण चेहरा हलला नाही. म्हणाल्या, चित्रपट पाहून अशी बाहुली नंतर कोणीही बाहेरून तयार करू शकतं, कुंकवासकट. मान उघडून दाखवता का?

पुतणीचा हात मानेशी गेला आणि तिथेच थांबला. मूर्ती हलवली होती, देवी गेली होती, सगळं खरं. पण तिच्या आईनं रोज ज्या कपाळावर बोट टेकवलं ते तिला आईसमोर उपटून काढता येईना. फोनमधून बाई वाट पाहत होत्या. हे थांबणं तिकडून कसं दिसत असेल ते मला कळत होतं. माझ्यासारख्या माणसानं तर तेवढ्यावर निकाल दिला असता.

"थांब," वहिनी म्हणाल्या. "तुह्या हातून नको. मले दे."

त्यांनी म्हातारी डाव्या हातात घेतली. उजवा हात डोक्यावर ठेवला. माझ्याकडे पाहिलं. इतक्या समाधानानं माझ्याकडे त्या घरात कधी कोणी पाहिलेलं नाही. आणि त्यांनी डोकं ओढलं.

माझा हात आपोआप गळ्याकडे गेला.

मानेतून तार निघाली, तारेवर कापूस, कापसावर दोऱ्याचे वेढे, कुठे ढिले, कुठे घट्ट, जसे थकलेल्या हातानं घातलेले असतात तसे. वहिनींनी डोकं उलटं करून कॅमेऱ्याजवळ नेलं. हनुवटीच्या आतल्या बाजूला, जिथे कोणी कधी बघणार नव्हतं तिथे, मातीत अंगठ्याचा ठसा उमटलेला होता, वळ्यावळ्यांसकट. बाई पुढे वाकल्या. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, दुसरी डोकीही आहेत का?

वहिनींनी मिठाईचा डबा उघडला आणि एकेक डोकं तारेवर बसवायला लागल्या. बसवताना त्याचा परिचय मराठीतच. "हे भाऊजी भाजी घेताना. हे भाऊजी पाव्हण्याच्या चपला मोजताना. हे नाटकात बक्षीस नाई मिळालं तवाचं." बाईंना शब्द कळत नव्हते, पण त्यांनी फोनमधून वहिनींच्या मागे उभ्या असलेल्या मला पाहिलं, मग तारेवरच्या डोक्याला, मग पुन्हा मला. आणि त्या हसल्या. तोंडावर हात ठेवून हसल्या.

बक्षीस पुतणीचंच राहील, त्यांनी सांगितलं. झालेला त्रास तिनं मनावर घेऊ नये.

पुतणी पाटाशेजारी खाली बसली. तिला रडू येत होतं आणि तिला ते आवरायचं नव्हतं.

"ऐसा मुंहजबानी नहीं," वहिनी फोनला म्हणाल्या. "लिखके भेजो."

दुपारी ते लेखी आलं. वहिनींनी वाचून घेतलं आणि मग दोघी मायलेकी धांड्यांच्या रिकाम्या मांडवासमोर येऊन उभ्या राहिल्या. संध्याकाळी गल्ली जमणार होती. कोजागिरीपर्यंत रोज जमणार होती. मूर्ती नव्हती. कुंभाराकडची केव्हाच संपलेली.

पुतणीनं परसातून माती आणली. उशी फाडून कापूस घेतला. घरात डिंक होताच. ती मळायला बसली आणि वहिनी समोर पाट घेऊन बसल्या, देखरेखीला.

"नाक लहान कर."

पुतणीनं केलं.

"डोळे समोर पायजेत. देवी तिरपी पाहत नाई."

तिनं डोळे समोर केले. भुलोजीचं पोट वहिनींना थोडं संशयास्पद वाटलं, तेही तिनं दाबून आत घेतलं. मी शेजारच्या खोलीत जाऊन बसावं असं मला सांगण्यात आलं, कारण माझ्याकडे पाहिलं की पोरीचा हात भलतीकडे जातो म्हणे.

दिवेलागणीला बायका आल्या. ओल्या, काळ्याभोर मातीची नवी जोडी मांडवात बसलेली. शेजारच्या बाई पुढे झाल्या, नमस्कार करता करता थांबल्या.

"काकू, कालची भुलाबाई कुठी गेली?"

"तिच्या घरी."

"आन ही कोन?"

वहिनींनी मुलीकडे पाहिलं. ती मोरीत हात धूत होती, पाठ करून. मग दाराच्या फटीतून डोकावणाऱ्या माझ्याकडे पाहिलं. मग मूर्तीकडे, अगदी जवळ जाऊन.

"अजून ओली हाय," त्या म्हणाल्या. "वाळल्यावर पाहू, कोन निघते ते."